पावसाळी सांतियागोत बारा रात्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघं स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला बारा रात्री राहून आलो. मी ५८ वर्षांची, माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे मासे हवेतच. नवरा ६१चा, अंडं चालवून घेणारा शाकाहारी. दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी तीन अजून धड आहेत. परत आल्यापासून भिशीत, लग्नात, फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

बारा दिवस एकाच गावात? केलंत तरी काय?

जेवलो. चाललो. पाऊस आला की थांबलो आणि थांबलो की परत काहीतरी खाल्लं.

गाव लहान आहे, वस्ती लाखाच्या आसपास. जुना भाग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस मिनिटांत संपतो. यादी घेऊन निघालात तर दीड दिवसाचं काम. ग्रुप टूरच्या बसगाड्या सकाळी माणसं उतरवतात आणि जेवणं झाली की उचलतात. तसे आम्हीही फिरलोय: दहा दिवसांत पाच देश, आणि घरी आल्यावर फोटो बघताना "हे कुठलं गं?" म्हणून या वेळी एक गाव, एक भाड्याचं घर आणि यादी नाही, असं ठरवूनच गेलो होतो. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या कॅफेतला माणूस न विचारता नवऱ्यापुढे छोटी कडक कॉफी आणि माझ्यापुढे भरपूर दुधाची ठेवायला लागला. आठव्या दिवशी त्याने पाऊस थांबायची वाट बघा म्हणून खुणेनेच आम्हाला परत बसवलं.

स्पेनमध्ये पाऊस? स्पेन म्हणजे ऊन ना?

ते दक्षिणेत. हा प्रांत गालिसिया, पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेला, अटलांटिककडे तोंड करून. समुद्रावरून आलेले ढग चढण लागली की रिकामे होतात. कोकणात वाढलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

आकडेच हवे असतील तर सांतियागोत वर्षाला साधारण १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त, पण मुंबईपेक्षा कमी. फरक असा की मुंबई आपला सगळा कोटा चार महिन्यांत उधळून मोकळी होते, सांतियागो तो वर्षभर पुरवून वापरतं. तिथली मंडळी तर "सांतियागोचा पाऊस म्हणजे कला" असं अभिमानाने म्हणतात. आपण नाही का महाबळेश्वरच्या धुक्याची तारीफ करत, दिसत काहीच नसलं तरी.

मुसळधार फारसा नसतो. बहुतेक वेळा पिरपिर. तिथल्या गालेगो भाषेत पावसाला ढीगभर शब्द आहेत: 'ओर्बायो' म्हणजे दवासारखा बारीक, अंगावर पडतोय हे कळतच नाही पण अर्ध्या तासाने स्वेटर जड होतो, 'पोआया' आणि 'बाबुशा' हेही भुरभुरीचेच प्रकार, 'त्रेबोआदा' म्हणजे गडगडाटासकट वादळी. घरमालकीणबाईंना मी भुरभुर, रिमझिम, पिरपिर, झड, सर आणि संततधार यांतला फरक हातवारे करून सांगितला. बाई खूश झाल्या. बारा दिवसांत आमचं एवढंच एक संभाषण दोन्ही बाजूंना पूर्ण कळलं असेल.

मग जायचं कधी?

कोरडं हवं असेल तर जुलै-ऑगस्ट. पण तेव्हा अख्खं जग तिथे असतं. २५ जुलै हा संत याकोबाचा दिवस, आदल्या रात्री मोठी आतषबाजी. या संताची समाधी इथल्या कॅथेड्रलमध्ये आहे असं मानतात, आणि तिच्या दर्शनाला यात्रेकरू लांबून चालत येतात. ज्या वर्षी २५ जुलै रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात. पुढचं २०२७. त्या वर्षी निवांतपणा हवा असणाऱ्यांनी दुसरं गाव बघावं.

आम्ही २१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर निवडलं. पाऊस नक्की, गर्दी कमी, रस्त्यावर भाजलेली चेस्टनट. आणि १ नोव्हेंबरला कॅथेड्रलमध्ये एक गोष्ट असते, ती खाली येईल.

छत्री की रेनकोट?

दोन्ही. वारा असला की छत्री उलटते, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मान तुकवावी लागते. रुआ नोवा आणि रुआ दो विलार या जुन्या रस्त्यांना मात्र दगडी कमानींचे ओटे आहेत, आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठांत असतात तसे, त्यांच्याखालून बराच रस्ता कोरडा कापता येतो. बूट चांगल्या पकडीचे घ्या. सगळं गाव ग्रॅनाइटचं, आणि ओला ग्रॅनाइट आपल्या मोरीच्या फरशीइतकाच विश्वासू.

छत्रीचा किस्सा सांगायलाच हवा. प्रत्येक बारच्या दाराशी छत्र्या ठेवायला एक पिंप असतं. तिसऱ्या संध्याकाळी नवरा त्यातली आपली काळी छत्री घेऊन निघाला. घरी आल्यावर बघतो तर मूठ लाकडी, आणि तिला वर्षानुवर्षं हात लागून मऊ चकाकी आलेली. आमची प्लास्टिकची होती, पुण्याच्या लक्ष्मी रोडवरची. रात्रभर याला झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आम्ही तिथे गेलो तर दाराशी एक ऐंशीच्या घरातले आजोबा उभे, हातात आमची छत्री. रागावले नाहीत. छत्री उलटीसुलटी करून बघितली, मग आमची परत देताना तिची एक काडी वाकडी होती ती सरळ करून दिली. नंतर कळलं की शेजारचा ओउरेन्से जिल्हा एकेकाळी गावोगाव फिरणाऱ्या धारवाल्यांसाठी आणि छत्री दुरुस्त करणाऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. आजोबा तिकडचे होते की नाही ते विचारायचं राहिलं.

राहायचं कुठे? कपडे वाळतात का?

जुन्या भागात राहायला सुंदर वाटतं, पण लिफ्ट बहुधा नसते आणि दगडी रस्त्यावर चाकांची बॅग ओढताना अख्खी गल्ली जागी होते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, बेचाळीस पायऱ्या. धड नसलेला गुडघा माझा, त्यामुळे पायऱ्या मोजल्याही मीच.

कपडे वाळत नाहीत. रेडिएटरवर टाकले तर वाळतात पण कुबट वास राहतो. यात्रेकरूंमुळे गावात नाणी टाकून चालणारी धुलाईयंत्रं, सुकवणीयंत्रं ठिकठिकाणी आहेत. आठवड्यातून एकदा तिकडे पाऊण तास बसायचं. शेजारी फ्रान्सपासून चालत आलेला कुणीतरी आपले मोजे फिरताना बघत बसलेला असतो.

तुमचा दिवस कसा जायचा?

उशिरा सुरू व्हायचा, आणि त्यात आमचा आळस कमी, घड्याळाचा दोष जास्त. गालिसिया नकाशावर पोर्तुगालच्या रेषेत, पण घड्याळ माद्रिदचं. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी आठला बाहेर काळोख. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे गेलं तेव्हा कुठे सकाळ सकाळीसारखी वाटली.

नऊ-साडेनऊला कॉफी आणि टोस्ट. मग बाजार. मग पाऊस असेल तर संग्रहालय किंवा चर्च, नसेल तर आलामेदा बाग. या बागेच्या तोंडाशी रंगीबेरंगी कपड्यांतल्या दोन बायकांचा पुतळा आहे: मारुशा आणि कोरालिया फान्दिन्यो या सख्ख्या बहिणी. त्यांचे भाऊ अराजकवादी कामगार संघटनेत होते, त्यामुळे यादवी युद्धानंतर घराचे फार हाल झाले. पण हुकूमशहा फ्रँकोच्या करड्या राजवटीत या दोघी वर्षानुवर्षं रोज दुपारी दोनला भडक कपडे, भडक रंगरंगोटी करून गावातून फेरफटका मारायच्या. आम्ही चुकामूक झाली तर तिथेच भेटायचो.

दोनला जेवण. ते साडेतीनपर्यंत. मग झोप, आणि इथे कुणी नावं ठेवत नाही, दुकानंही बंद असतात. सहाला परत बाहेर.

जेवणाच्या वेळा जमतात का?

पुणेकराला वेळेचं काय सांगता? एक ते चार बंद ठेवायची कला आपलीच. जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. सात वाजता "जेवायला काय आहे" म्हणून गेलात तर कीव केल्यासारखं बघतात आणि बटाट्याच्या आम्लेटाचा तुकडा पुढे करतात.

दुपारचं जेवण मुख्य, आणि कामाच्या दिवशी 'मेनू देल दिया' घ्या: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. आम्हाला तेरा ते सोळा युरोंत मिळायचं. युरोचे शंभर रुपये धरले तर आपल्याकडच्या बऱ्या हॉटेलातल्या थाळीपेक्षा महाग, पण दीड तास टेबल तुमचं. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. जेवणानंतर नुसतं बोलत बसण्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, 'सोब्रेमेसा', शब्दशः 'टेबलावर'. आमचं लग्न होऊन तेहेतीस वर्षं झाली, बोलायला काय उरलंय असं वाटलं होतं. उरलं होतं. पहिल्या तीन दिवसांत मुलांचे विषय संपले आणि मग बरं चाललं.

तू खरंच ऑक्टोपस खाल्लास?

चार वेळा. 'पोल्बो आ फेइरा', म्हणजे जत्रेतला ऑक्टोपस. एका गुरुवारी बघायलाच उभी राहिले. बाईंनी आकडीने तो धरून तांब्याच्या मोठ्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवला, वर काढला, परत बुडवला. तीनदा. याला ते ऑक्टोपसला 'घाबरवणं' म्हणतात. साल सुटू नये म्हणून करतात. तंगड्या आत गोळा होऊन फुलासारख्या वळल्या, मग तो भांड्यात सोडून दिला. शिजलेला आधीचा बाहेर काढून कात्रीने, होय, कात्रीने, लाकडी थाळीवर सपासप गोल काप. जाडं मीठ, लाल मिरचीची भुकटी, वरून ऑलिव्ह तेलाची धार. खाली उकडलेले बटाटे. खायला काटा नाही, टूथपिक. चव माकुळासारखी पण जास्त भरीव, आणि मुख्य म्हणजे रबर नाही. आमच्याकडे माकुळ बिघडला की चप्पल होते, हे माहीत असल्यामुळे मला त्या बाईंचा हात कळला.

पेर्सेबेस नावाचा प्रकार एकदाच घेतला. खडकाला चिकटलेले, दिसायला राक्षसाच्या नखासारखे. लाटा आपटतात त्या कड्यांवर माणसं जीव धोक्यात घालून ते खरवडून आणतात, त्यामुळे किंमत तशीच. नख पिरगळून साल ओढायची आणि आतला दांडा खायचा. पिरगळताना समुद्राचं पाणी थेट नवऱ्याच्या चष्म्यावर उडालं. चव म्हणाल तर, समुद्रात पोहताना तोंडात पाणी जातं तेव्हाची. मला आवडली.

शाकाहारी माणूस उपाशी मरतो का?

मरत नाही, पण सावध राहावं लागतं. ही नवऱ्याची व्यथा असल्यामुळे सविस्तर.

पहिले तीन दिवस त्याने 'काल्दो गालेगो' हे सूप रोज प्यायलं. बटाटा, पांढरे वाल, ग्रेलोस नावाची सलगमाची कडसर पालेभाजी. आत मांसाचा तुकडा दिसला नाही की हा खूश. पावसात भिजून आल्यावर वाफाळता वाडगा, आणि चव अशी खमंग की "आपल्या आमटीत हे का येत नाही?" असं मलाच विचारायचा. चौथ्या दिवशी बाजारात एका दुकानात पिवळट, दोरीने बांधलेले गुंडाळे टांगलेले दिसले. काय आहे विचारलं. 'उन्तो'. डुकराची खारवून मुरवलेली चरबी. काल्दोत घालायची. ती नसेल तर काल्दो कसला, असं दुकानदारीणबाईंचं म्हणणं. नवरा काही बोलला नाही. घरी येऊन दात घासले.

तर धडा असा की 'मांस नाही' याचा अर्थ तिथे 'मोठा तुकडा नाही' एवढाच होतो. मिश्र सॅलडवर न सांगता टूना येतो. भाज्यांवर हॅमचे कण भुरभुरतात. एम्पानादा, म्हणजे तिथली मोठी सपाट भरलेली रोटी, तिचं सारण भाजीचं असलं तरी पिठात चरबी असू शकते. म्हणून तिन्ही नावं घेऊन सांगा: "सेन कार्ने, सेन पेइशे, सेन शामोन." मांस नको, मासा नको, हॅम नको.

बिनधास्त खाण्यासारखं: बटाट्याचं आम्लेट (कांदा घातलेलं आणि आत थोडं ओलं असलेलं), तिथला जाड सालीचा आंबूस पाव, चीज, भाजलेली चेस्टनट आणि पाद्रोनच्या मिरच्या. तेतिया नावाचं चीज शंकूसारखं, टोकदार असतं. त्याचा आकार असा का, याची कथा कॅथेड्रलच्या प्रश्नात येईल. ते क्विन्स नावाच्या फळाच्या गोड वडीबरोबर खातात. नवऱ्याने फणसपोळीची आठवण काढली, मी आंबावडीची, आणि त्यावरून थोडा वाद झाला. गावात पूर्ण शाकाहारी खानावळीही आहेत, विद्यार्थ्यांचं गाव आहे शेवटी, विद्यापीठ १४९५ पासूनचं.

त्या मिरच्या तिखट असतात का?

हाच तर खेळ आहे. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या, तेलात फोड येईपर्यंत परतून वर जाडं मीठ. "काही तिखट, काही नाही" अशी तिकडची म्हणच आहे. दहा-पंधरांत एखादी निघते. उन्हाळा वाढला, पाणी कमी पडलं की जास्त निघतात. त्या पाद्रोनजवळच्या एर्बोन गावच्या. फ्रान्सिस्कन साधूंनी बी अमेरिकेतून आणलं असं सांगतात. आपल्याकडेही मिरची अमेरिकेहून पोर्तुगिजांमार्फतच आली, फक्त आपण ती गांभीर्याने घेतली. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ तिखट लागलेल्या मिरचीने लालबुंद झाले होते, नवऱ्याने त्यांच्या ताटातली उरलेली एक मागून घेतली, चावली, आणि मान हलवली. ठेच्याला नाव ठेवायची सोय नाही.

गोड काय?

तार्ता दे सांतियागो. बदाम, अंडी, साखर, लिंबाची साल. मैदा नाही. वर पिठीसाखरेत संताच्या तलवारीसारख्या क्रुसाचा छाप. नावाला कायद्याचं संरक्षण आहे आणि किमान ३३ टक्के बदाम असावाच लागतो. चव कोरड्या बदाम बर्फीच्या जवळ जाणारी. दुकानांबाहेर ट्रे घेऊन उभे असतात, फुकट तुकडा देतात. पावसात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तुकड्यांवर नाश्ता होतो, हे नवऱ्याचं संशोधन.

आम्ही पीत नाही. मग बारमध्ये बसायचं कसं?

बसा की. तिथे बार म्हणजे आपलं अमृततुल्य आणि खानावळ यांच्यामधलं काहीतरी. आज्या नातवंडांना घेऊन येतात. कॉफी, द्राक्षाचा रस, कॅमोमाइल चहा, काहीही चालतं. पीत असाल तर अल्बारिन्यो आणि रिबेइरो या पांढऱ्या वाइन. रिबेइरो जुन्या ठिकाणी 'कुन्का' नावाच्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत देतात. पेयाबरोबर काहीतरी खाणं बहुतेक ठिकाणी फुकट येतं. काय येईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून नवऱ्याची बशीही मलाच. वजन माझंच वाढलं.

बाजार खरंच बघण्यासारखा आहे?

कॅथेड्रलपेक्षा जास्त वेळा आम्ही तिथे गेलो. मेर्कादो दे आबास्तोस. आत्ताची इमारत १९४१ची, पण दगडी कमानींमुळे चर्चसारखी वाटते. गुरुवार आणि शनिवार सकाळी गाठा, तेव्हा खेड्यांतल्या बायका आपल्या परसातलं घेऊन बाहेर ओळीने बसतात: चार कोबी, एक टोपली अंडी, ग्रेलोसच्या जुड्या. थेट आपला आठवडी बाजार. आत मासळी. माझा अर्धा तास तिथे असाच जायचा, गिल लाल आहेत का, डोळे वर आहेत का बघत. कोळणीने मला ओळखलं: मी परदेशी, पण गिऱ्हाईक नवखं नाही. घेतलेली शिंपली बाजारातच थोडे पैसे घेऊन शिजवून द्यायची सोयही आहे. रविवारी सगळं बंद.

कॅथेड्रलमध्ये काय बघायचं?

बांधकाम १०७५ला सुरू झालं. चौकातून दिसणारा भव्य दर्शनी भाग मात्र अठराव्या शतकातला. त्याच्यामागे, आत, मास्टर मातेओ या शिल्पकाराचं दगडी प्रवेशद्वार आहे, ११८८चं. वेगळं तिकीट, ठरलेली वेळ, पण घ्याच. २०१८पर्यंत चाललेल्या जतनकामानंतर दगडावरचे जुने रंग परत दिसायला लागलेत. संदेष्ट्यांच्या रांगेत दानिएल चक्क हसतोय. तेव्हाच्या शिल्पांत असं हसू क्वचित. दंतकथा अशी की तो समोरच्या खांबावरच्या भरल्या अंगाच्या बाईकडे बघून हसतो. धर्मगुरूंनी तिचा उभार छिन्नीने कमी करायला लावला, आणि चिडलेल्या लोकांनी निषेध म्हणून चीजला तो आकार दिला. तेच तेतिया.

१ नोव्हेंबरची गोष्ट: 'बोताफुमेइरो', छताला टांगलेलं धुपाटणं. दीड मीटर उंच, साधारण ५३ किलो. आठ माणसं दोर ओढून त्याला झोका देतात आणि ते डोक्यावरून छताकडे जातं, धूर सोडत. रोज नसतं, ठरावीक सणांनाच. सर्वसंतांचा दिवस त्यांतला एक. नवरा इंजिनियर, तो पूर्ण वेळ दोराकडे बघत होता. मी माणसांकडे: झोका उंच गेला की ओढणाऱ्यांतला पुढचा वाकून जवळजवळ जमिनीला टेकायचा. चालून थकलेल्या यात्रेकरूंचा वास झाकायला हे सुरू झालं, असं गमतीने सांगतात.

घंटांची एक गोष्ट मराठी माणसाने ऐकावीच. ९९७मध्ये दक्षिणेतल्या मुस्लिम कोर्दोबाच्या अल्मन्सूर या सेनापतीने हे गाव लुटलं आणि देवळाच्या घंटा कोर्दोबाला नेल्या. १२३६मध्ये ख्रिश्चन राजाने कोर्दोबा जिंकल्यावर त्या परत आणल्या. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिकडच्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला आल्या. त्या मात्र तिथेच आहेत.

म्हणजे ही त्यांची पंढरपूरची वारीच ना?

बरंचसं. २०२४मध्ये जवळजवळ ५ लाख लोकांनी चालून किंवा सायकलने येऊन यात्रेचं प्रमाणपत्र घेतलं. पायी किमान १०० किलोमीटर, सायकलने २०० लागतात. पाठीला शिंपला बांधतात, वाटेत अनोळखी माणसाला "बुएन कामिनो" म्हणतात, आपण "माउली" म्हणतो तसं. फरक हा की ते एकेकटे किंवा दोघं-तिघं चालतात. दिंडी नाही, टाळ नाही, पाठीमागून जेवणाचा ट्रक नाही. कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात पोचल्यावर बहुतेक जण पाठीवरचं ओझं काढून ओल्या दगडांवर आडवे होतात, पाऊस असला तरी. एक पोरगी तशीच पडून आईला फोन करत होती, भाषा कळली नाही पण काय बोलत होती ते कळलं.

चालत न जाता गेलं तर कमीपणा वाटतो का?

पहिल्या दिवशी वाटला. दुसऱ्या दिवशी पेर्सेबेसचं बिल आलं तेव्हा आपणही काहीतरी सोसलंय असं वाटलं.

रात्री बाहेर पडता येतं का?

येतं, आणि पडाच. पाऊस पडून गेल्यावर दिव्यांत ग्रॅनाइट चकाकतो तेव्हाच गाव सगळ्यांत देखणं. कॅथेड्रलमागच्या किंताना चौकात एका कोपऱ्यात भिंतीवर टोपी आणि काठीवाल्या यात्रेकरूची सावली दिसते. माणूस कुणी नसतो, दगडी खांबाची सावली आहे. तिथल्याच मनोऱ्यावरच्या घड्याळाला फक्त तासकाटा आहे. किती मिनिटं झाली हा प्रश्न नवऱ्याने त्यानंतर विचारला नाही, निदान गावात असेपर्यंत.

भाषेची अडचण?

इंग्रजी तरुणांना येतं, बाजारात नाही. पण गालेगो ही पोर्तुगीजची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीज शब्द आपल्या घरात चारशे वर्षं राहिलेत. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी हातात किल्ली ठेवून म्हटलं, "चावे." मी म्हटलं, "चावी." दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग बादली 'बाल्दे', साबण 'शाबोन', आणि पैसे देणं म्हणजे 'पगार'. महिनाअखेरीला आपल्याला मिळतो तो तिथे प्रत्येक जेवणानंतर करावा लागतो. आभार मानायला 'ग्रासियास' चालतं, 'ग्राथास' म्हटलं तर चेहरा उजळतो.

आसपास काय?

आम्ही दोनदाच बाहेर गेलो. आ कोरुन्याला ट्रेनने अर्धा तास. तिथे रोमन काळातलं दीपगृह आहे, अजून चालू. आणि फिस्तेर्रा, 'पृथ्वीचं टोक', जिथे यात्रेच्या वाटेचा शून्य किलोमीटरचा दगड आहे. आम्ही गेलो तेव्हा धुक्यात समुद्र दिसला नाही, फक्त ऐकू आला.

व्हिसा, प्रवास, खर्च?

शेंगेन व्हिसा. फी ९० युरो, ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. माद्रिदहून वेगवान ट्रेनने तीन-साडेतीन तास. विमानाने आलात तर विमानतळावरून गावात ६ए नंबरची बस. स्टेशनवरून जुना भाग चढावर आहे, बॅगा असतील तर टॅक्सी करा. उगाच काटकसर करून मी जिना चढायच्या आधीच दमले होते.

तिथून काय आणलंत?

एक बदामाचा केक, जो विमानतळावरच अर्धा संपला. मुलीला काळ्या जेट दगडाचं छोटं पदक, या कारागिरीची कॅथेड्रलजवळ एक जुनी गल्लीच आहे. आणि ऑक्टोपसवर घालतात त्या लाल मिरचीच्या भुकटीचा पत्र्याचा डबा. धुरी दिलेली मिरची असते ती. नवरा आता एकादशीला उकडलेल्या बटाट्यांवर भुरभुरतो, वर तूप. पहिल्यांदा वाढलं तेव्हा सासूबाईंनी घास तोंडात ठेवला, थांबल्या, आणि हळूच मला विचारलं, "बटाटे लागले का गं खाली?"